ट्रे पुढे सरकवणारी आपली पोरं : पापाशी रोजचा झगडा आणि प्रभूची मेज

कॅम्पातला_संडेस्कूल (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी ख्रिस्ती भावाबहिणींपुढे एक विषय मांडतो. बरेच दिवस मनात घोळतोय.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पेला घेणं. आधी भाकरीचं ताट फिरतं, मागून छोट्या पेल्यांचा ट्रे. मागच्या बाकांवरची काही तरणी पोरं ट्रे हातात घेतात आणि पेल्याकडे न बघता शेजाऱ्याकडे सरकवतात. काही जण तर शेवटच्या गीताआधीच बाहेर पडून गाडी काढतात. त्यांतल्या एकदोघांना गोगटे सर्कलजवळ चहाला गाठलं, तर दोघांचं म्हणणं एकच. "मास्तर, आठवडाभर काय केलंय ते मला ठाऊक आहे. जरा सुधारतो, मग घेतो."

ही पोरं बेफिकीर नाहीत. बेफिकीर असती तर बिनधास्त पेला उचलून मोकळी झाली असती. त्यांना पापाची टोचणी आहे म्हणून ती लांब बसतात. पण जिथे क्षमा मिळते तिथूनच लांब बसतात, आणि आम्ही वडीलधारे "बघा, आत्मपरीक्षण करतोय" म्हणून गप्प राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. विश्वास धरलेला माणूस पडतो. रोज पडतो. पण पडल्यावर परत यायला तो जो वेळ लावतो, त्या वेळात त्याचं खरं नुकसान होतं. एका संध्याकाळचं पाप असतं, आणि त्याच्या लाजेपायी तीन महिने उपासना नाही, प्रार्थना नाही, शास्त्र उघडणं नाही. त्या तीन महिन्यांत काय काय वाढतं ते वेगळं सांगायला नको.

पोरं बायबलातल्या, पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात, की अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो. मग तो अध्याय अख्खा वाचा. करिंथात काय चाललं होतं? श्रीमंत आधी येऊन पोटभर खात होते, कोणी पिऊन झिंगत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौल रागावलाय तो या वागण्यावर. आणि पुढे तो काय सांगतो? माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, प्यावं. परीक्षा करून घरी जावं असं तिथे कुठे आहे?

प्रभूच्या प्रार्थनेतही आजची भाकर मागितली की लगेच पुढच्या ओळीत क्षमा मागतो. भाकर जेवढी रोजची तेवढीच क्षमा रोजची. ही प्रार्थना प्रभूने शिष्यांनाच शिकवली, म्हणजे शिष्याला क्षमा रोज लागणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

तुमच्याकडे काय दिसतं? तुम्ही काय करता? मोकळेपणाने लिहा.

---

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

मास्तर, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहूलालाय त्यांतलाच मी एक समजा. मंडळी वेगळी, पण ट्रे सरकवणारा हात तसलाच.

मी मशीन शॉपला आहे. शिफ्ट संपली की डोकं सुन्न असतंय, झोप येत नाही. तेव्हा मोबाईलवर रमी सुरू झाली. पगार झाला की दोन दिवसांत निम्मा जायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा आला तेव्हा मी देवाचे आभार मानले बघा. वाटलं, सुटलो. ॲप बंद झालं. आणि पुढच्याच महिन्यात टपरीमागे मटक्याची चिठ्ठी लावूलालतो.

तेव्हा कळलं की भानगड ॲपची नव्हती.

दर वेळी गुडघे टेकतो, रडतो, शपथ घेतो. परत तेच. आता प्रार्थनेला बसलं की पहिला शब्द निघत नाही. त्याच तोंडानं तेच किती वेळा सांगायचं? तुम्ही म्हणता लगेच परत या. पण कुठल्या तोंडानं?

---

कॅम्पातला_संडेस्कूल

भावा, लिहिलंस हेच मोठं काम केलंस.

तू कायद्याबद्दल जे लिहिलंस ते पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात मांडलंय. नियमशास्त्र चांगलं आहे, पवित्र आहे, लोभ धरू नको म्हणून सांगतं. पण ते पापाला उघडं पाडतं, मुळापासून काढू शकत नाही. सरकारने ॲप बंद केलं ते योग्यच केलं, कित्येक घरं वाचली असतील. पण हाव दुसरा दरवाजा शोधते.

आणि "कुठल्या तोंडानं" याचं उत्तर मला योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात सापडतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याने अटकेच्या रात्री येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं, तेही कोळशाच्या शेकोटीजवळ उभं राहून. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी येशू पुन्हा कोळशाचा विस्तवच पेटवतो. वर मासळी, शेजारी भाकर. पेत्राला "हा प्रभू आहे" एवढं कळलं आणि त्याने सरळ पाण्यात उडी घेतली, मचवा काठाला लागायची वाटही बघितली नाही. आता क्रम बघ. आधी येशू म्हणतो, या, न्याहारी करा. सगळ्यांचं खाणं होतं. मग विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? न्याहारी आधी, प्रश्न मागून. पेत्राने सुधारून दाखवल्यावर न्याहारी मिळाली नाही.

येशूला पैशांसाठी पकडून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. त्याने चांदीची नाणी परत नेऊन टाकली, आपण पाप केलं हे कबूलही केलं, पण याजकांपुढे. येशूकडे तो आलाच नाही. दोघांच्या पापात कोणाचं मोठं हे मोजत बसण्यापेक्षा, पस्तावल्यावर कोण कुठे गेला ते बघ.

---

जुनं_मिशन_कंपाऊंड

मास्तरांचं लिखाण मनाला भिडलं, पण एक काळजी बोलून दाखवतो. वयाचा मान ठेवून ऐका.

"पडणारच आहोत, लगेच परत या" हे पोरांना फार लवकर पाठ होतं. शनिवारी रात्री पाप, रविवारी क्षमा, सोमवारपासून पुन्हा तेच. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, असा प्रश्न पौलानेच रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात घातला आणि त्याचं उत्तर कडक आहे, कधीच नाही. सातवा अध्याय वाचताना सहावा आणि आठवा सोडू नये. आठव्यात तर आत्म्याने देहाची कर्मं ठार मारा असं सांगितलंय. ठार मारा! त्यांच्याशी समजुतीने नांदा असं नाही.

आणि सातव्या अध्यायातला, जे करू नये तेच करतो म्हणणारा तो कष्टी माणूस कोण, यावरही मोठमोठ्यांचं एकमत नाही. मेथोडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली म्हणायचे, हा अजून नियमशास्त्राखाली असलेला माणूस, ख्रिस्तात आलेला नव्हे. म्हणून "पौलाचंही असंच होतं" हे पांघरूण घेऊन झोपायची सोय नाही.

---

कॅम्पातला_संडेस्कूल

काका, तुमची काळजी खरी आहे. सातव्या अध्यायावरचा वादही जुना आहे. प्राचीन मंडळीतले धर्मपंडित ऑगस्टीन आधी तुम्ही म्हणता तसंच मानत होते, पुढे मत बदललं आणि म्हणाले, हे विश्वासी पौलाचंच बोलणं आहे. प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणारे ल्यूथर त्याच बाजूचे. त्यांच्या १५१७ च्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा हा, की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. मी स्वतः ऑगस्टीनच्या नंतरच्या मताकडे झुकतो, कारण देवाच्या नियमशास्त्राने अंतर्यामी आनंद होतो असं तिथे तो माणूस म्हणतो, आणि ते मला नवा जन्म न झालेल्या माणसाचं बोलणं वाटत नाही.

पण वाद बाजूला ठेवू. वेस्ली असोत की ल्यूथर, झगडा सोडून द्या असं कोणीच सांगत नाही. ज्याला पाप आवडतं आणि ज्याला पाप छळतं ते दोघे वेगळे. पहिल्याला मी तुमचा सहावा अध्याय देईन. ट्रे सरकवणारा दुसऱ्यातला आहे. त्याला कडक शब्द देऊन देऊन आपण आणखी लांब घालवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

जुनं_मिशन_कंपाऊंड

हे पटलं.

मग वेस्लींचीच एक गोष्ट देतो, उद्यमबागच्या पोराच्या उपयोगाची. आपल्या बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० ला सुरू झालं आणि पुढे ते मेथोडिस्टांकडे आलं, म्हणजे हा वारसा परका नाही. २५ डिसेंबर १७३८ रोजी वेस्लींनी लहान टोळ्यांसाठी नियम लिहून काढले. पाचसात जण, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, दर आठवड्याला बैठक. आधार याकोबाच्या पाचव्या अध्यायाचा, की निरोगी व्हायचं असेल तर आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. बैठकीत प्रत्येकाला विचारायचं, मागच्या भेटीपासून कळत असलेलं कोणतं पाप घडलं? कोणत्या परीक्षा आल्या? त्यांतून सुटलात कसे?

तिसरा प्रश्न आपण विसरतो. फक्त पडलास किती ते विचारतो. मंगळवारी चिठ्ठी लावायचा मोह झाला आणि लावली नाहीस, तर त्या मंगळवारी काय घडलं? कोणाचा फोन आला? घरी लवकर गेलास का? तेही सांगायला हवं, कारण सुटकेची वाट तिथे सापडते. देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील असं वचन आहे. तो उपाय कसा दिसला, हे बोललं तर दुसऱ्यालाही कळतं.

आता आपल्याकडे कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा असते, पण तिथे सगळे जमतात, दोन गीतं, उपदेश, चहा-चिवडा. असला प्रश्न तिथे कोण विचारणार?

---

निपाणीची_लेक

बायकांच्या बाजूनेही लिहू दे. पाप म्हटलं की धाग्यावर लगेच मटका, दारू, मोबाईल येतो. आमच्या पापाला वास येत नाही म्हणून ते दिसत नाही.

आमच्याकडे शेताच्या वाटणीवरून दोन घरं बोलेनाशी झालीत. मी त्यांतल्या एका घरातली सून. जावेला बघितलं की आतून काहीतरी कडू वर येतं. तिच्या पोराचे मार्क कमी पडले तर मला बरं वाटतं. हे लिहिताना हात थरथरतोय, पण खरं आहे. दारू पिणाऱ्याला निदान सकाळी डोकं दुखून कळतं तरी. मला तर हे करताना मी चांगली बाई आहे असंच वाटत असतं.

आणि आमची उपास-प्रार्थना! "तिच्यासाठी जरा प्रार्थना करा हं" म्हणून सुरुवात होते आणि दहा मिनिटांत त्या बाईच्या घरातलं सगळं चव्हाट्यावर. डोळे मिटले की ती निंदा प्रार्थनेत जमा होते. हे थांबायला हवं. आता मी एक करते. कोणी असं सुरू केलं की म्हणते, ताई, आत्ताच इथेच प्रार्थना करू या, पुढचं देवाला माहीत आहे. काहींना राग आला. येऊ दे.

जावेचं सांगायचं तर, क्षमा एकदा करून संपत नाही. रविवारी केली, बुधवारी बांधावर ट्रॅक्टर फिरला की सगळं परत. मग परत करायची. आधी वेदीवरचं दान तिथेच ठेव आणि भावाशी समेट कर असं प्रभू म्हणाला आहे, ते वचन मला गप्प बसू देत नाही. अजून तिच्या दारात गेले नाही. पण तिच्या पोरांची नावं घेऊन रोज प्रार्थना करते, आणि ज्याच्यासाठी खरोखर मागतो त्याचं वाईट झालेलं बघून बरं वाटणं हळूहळू अवघड होतं, एवढं मात्र सांगते.

---

खानापूर_घाटवाट

मी कॅथलिक आहे. आमच्याकडे हे जरा वेगळं आहे आणि धाग्यावर ते यायला हवं, नाहीतर आमची पोरं वाचून गोंधळतील.

आमच्यात गंभीर पाप मनावर असताना ख्रिस्तशरीर घेत नाहीत. आधी कुमसार, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली, मग कम्युनियन. लहानसहान पापांसाठी मात्र लांब राहायचं कारण नाही, मिस्सेच्या सुरुवातीलाच आपण सगळे मिळून पाप कबूल करतो. म्हणजे मास्तर म्हणतात तसं थेट "घ्या" असं आम्ही प्रत्येकाला सांगू शकत नाही. पण मास्तरांचा मूळ मुद्दा आम्हालाही तंतोतंत लागू आहे. कुमसारीला जाण्यात माणसं वर्ष वर्ष घालवतात. नाताळ, ईस्टरला लाईन लागते, एरवी फादर एकटेच बसलेले. जी सोय लवकर परत येण्यासाठी आहे, तीच आम्ही लांबणीवर टाकतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की प्रभुभोजन हे परिपूर्ण लोकांचं बक्षीस नाही, दुबळ्यांचं औषध आणि अन्न आहे. आमच्या गावातल्या जुन्या माणसांना पोरं घाबरतात, फादरांना घाबरतात. फादरांना काय नवीन ऐकायला मिळणार आहे? आणि त्यांच्यावर बंधन आहे, कानावर पडलेलं ते कुठेही बोलू शकत नाहीत, मरेपर्यंत.

आम्ही भाताची माणसं. भांगलण केली आणि पाऊस पडला की तण परत येतं. त्यावरून पीक मेलं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, पुन्हा खाली वाकतात. उद्यमबागच्या भावाला एवढंच.

---

चिकोडी_रोड

मी दवाखान्यात काम करते. दोन गोष्टी लिहिते, दोन्ही जरा कडू आहेत.

पहिली. मटका, रमी, दारू यांचं व्यसन लागलं असेल तर फक्त प्रार्थना कर म्हणून सोडू नका. प्रार्थना कराच, पण उपचारही आहेत. मेंदूला सवय जडलेली असते, तिच्यावर समुपदेशन लागतं, कधी औषध लागतं. सरकारची टेलि-मानस ही फुकट सेवा आहे, १४४१६ वर फोन करायचा, कोणत्याही वेळी. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी ठरत नाही. लूकही वैद्यच होता. दारूची रोजची सवय असेल तर ती एकदम तोडताना धोका असतो, फिट येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करा.

दुसरी. एकमेकांजवळ पापं कबूल करा हे वचन चांगलं, पण आपल्या भागात कोणाजवळ? आपली मराठी ख्रिस्ती घरं मोजकी, सगळे एकमेकांचे सोयरे. कॅम्पात सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत खानापुरात पोचतं आणि पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात बाहेर येतं. मी हे घडताना बघितलंय. साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या एका मुलाचं बोलणं वर्षभर चघळलं गेलं. त्यानंतर त्या मंडळीत कोणी काही कबूल केलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. आधी ऐकणाऱ्यांनी तोंड सांभाळायला शिकावं, मग पोरांना बोलतं करा.

---

कॅम्पातला_संडेस्कूल

ताई, हे मी पाळकांपुढे ठेवणार आहे. तुमचा दुसरा मुद्दा सगळ्यात जड आहे. आपण पोरांना म्हणतो प्रकाशात या, आणि प्रकाशात आल्यावर त्यांच्याकडे बोट दाखवतो.

म्हणून माझी सूचना मोठ्या गटाची नाहीच. दोघं किंवा तिघं. नातेवाईक नकोत. पुरुषाने पुरुषाशी, बाईने बाईशी. वयाने थोडं मोठं, स्वतः झगडलेलं, आणि ज्याने आजवर दुसऱ्या कोणाचं गुपित तुमच्याजवळ सांगितलेलं नाही असं माणूस निवडा. ही एकच कसोटी पुरे. जो तुम्हाला दुसऱ्याचं सांगतो तो दुसऱ्याला तुमचं सांगेल.

खानापूरच्या भावांचे आभार. तुमच्या-आमच्या शिस्तीत फरक आहे, तो मी पुसत नाही. ज्याने त्याने आपल्या मंडळीची शिस्त पाळावी, पण उशीर करू नये.

---

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

सगळं वाचलो. काल १४४१६ ला फोन केलो. कन्नडात उचलले, मी मराठीत बोललो, समजून घेतले. पुढच्या आठवड्यात परत बोलायचं ठरलंय.

पगार आता बायकोच्या खात्यावर घ्यायचा म्हणतोय. तिला सगळं सांगायला लागणार. ते अजून सांगितलो नाही. ते झाल्याशिवाय बाकीचं खोटं आहे हेही कळतंय. प्रार्थना करा. नुसतं लिहायचं म्हणून नव्हं, खरंच करा.

---

निपाणीची_लेक

दादा, करते. आणि बायकोला सांगताना रात्री उशिरा नको, पोरं झोपल्यावर दमलेली असते ती. सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगा, आणि आकडा पूर्ण सांगा. अर्धा सांगितलात तर उरलेला नंतर बाहेर येतो आणि तेव्हा ती जास्त मोडते. ती रडली, रागावली तर समजावत बसू नका. ऐका.

---

अथणी_एकटा

धागा शेवटपर्यंत वाचला. माझी अडचण वेगळी. नोकरीमुळे इकडे आलो. इथली मंडळी कन्नड, माणसं फार प्रेमाची, उपासना कळते, गीतंही म्हणतो. पण मनातलं पाप सांगायचं म्हटलं की कन्नड पुरत नाही. बाजारहाटाची भाषा येते, रडण्याची येत नाही. मराठी ख्रिस्ती घर आसपास माझ्या माहितीत नाही. मास्तर म्हणतात तसा जोडीदार कुठून आणू?

---

जुनं_मिशन_कंपाऊंड

पोरा, फोन आहे ना. गुरुवारी रात्री जेवण झालं की मी मोकळा असतो, म्हातारपणी झोपही कमीच. मास्तरांकडून माझा नंबर घे. ते तीन प्रश्न तू मला विचार, मी तुला विचारतो. उत्तर दोघांनीही द्यायचं, वयाची सवलत नको. आणि प्रभूभोजन मात्र तिथल्याच मंडळीत घे, येत्या पहिल्या रविवारी, फोनवरच्या माणसाची वाट न बघता. ती भाकर कन्नडात आशीर्वादित झाली तरी तुझ्यासाठीच आहे.